चांगूला न पोचलेली ट्रिप आणि हातातून निघून चाललेली मुदत

नाशिकच्या ताईंनी प्रश्न विचारलाय. जानेवारी 2024 मध्ये नऊ जण सिक्कीमला गेले, गंगटोकच्या एका ऑपरेटरकडे गोठलेला चांगू तलाव, बाबा मंदिर आणि नथुला अशी एका दिवसाची गाइडसकट ट्रिप घेतली, 27,000 रुपये आधीच भरले. 30 जानेवारीला थर्ड माइल चेकपोस्टवरून गाड्या परत पाठवल्या कारण परमिटच काढलं नव्हतं. ऑपरेटर म्हणतो बर्फाने रस्ता बंद होता, व्हाउचरवर लिहिलंय की हवामानामुळे ट्रिप रद्द झाली तर पैसे परत नाहीत, आणि वाद फक्त गंगटोकच्या कोर्टात. आता काय करता येईल?

ताई, असे प्रश्न दर हिवाळ्यानंतर येतात. फसवणूक झाली का, सेवेत त्रुटी होती का, यात मी शिरत नाही, ते उघड आहे. तुमचं सगळं अडलंय एका तारखेवर. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69 : तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. कारण घडलं 30 जानेवारी 2024 ला, म्हणजे मुदत 30 जानेवारी 2026 ला संपते, आणि तुम्ही मला लिहिताय डिसेंबर 2025 मध्ये! जवळजवळ दोन वर्षं तुम्ही व्हॉट्सॲपवर "दादा काय झालं रिफंडचं" विचारत बसलात आणि तो "पुढच्या सीझनला ॲडजस्ट करतो" म्हणत राहिला. त्याच्या गोड बोलण्याने मुदत वाढत नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केल्याने वाढत नाही, वकिलाच्या नोटिशीनेही नाही, आणि नोटीस काही सक्तीची पण नाहीये, तेव्हा त्यात महिना घालवू नका. उशीर माफ होऊ शकतो पण सबळ कारण लागतं, आणि तो आश्वासनं देत होता हे कारण ग्राहक आयोगाला पटेलच असं मी सांगणार नाही.

गंगटोक कोर्टाच्या त्या ओळीने घाबरून लोक घरी बसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. कलम 34 प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे नाशिकलाच. तो हरकत घेईल, घेऊ दे. भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यामुळे फी शून्य, वकील लागतोच असंही नाही, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या टाका. फक्त शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका, कागदात त्रुटी निघाली तर दुरुस्तीला वेळ हवा.

आता हवामानाचा मुद्दा. चांगू साधारण 12,300 फुटांवर आहे, जानेवारीत तो रस्ता बर्फाने खरंच बंद पडतो, त्यामुळे ऑपरेटरचं म्हणणं वरवर खरं वाटेल. पण व्हाउचर नीट बघा, तुमची ट्रिप मंगळवारची आहे आणि नथुला पर्यटकांना सोमवार-मंगळवार बंद असतो! म्हणजे त्याने बर्फ पडायच्या आधीच न होऊ शकणारी गोष्ट विकली. आणि परमिट नोंदणीकृत एजंटमार्फतच निघतं, ते काढणं त्याचंच काम होतं. तुमचे फोटो आणि ओळखपत्रं त्याला कधी पाठवली तो मेसेज शोधा, सगळ्यात आधी तेच जोडा. चॅट डिलीट करू नका, पूर्ण एक्स्पोर्ट करून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र लावा. रस्ता त्या दिवशी खरंच बंद होता का हे सिक्कीमच्या पर्यटन खात्याकडे माहिती अधिकारात विचारा, पण उत्तरासाठी तक्रार थांबवू नका, ते उत्तर नंतर दाखल करायची परवानगी मागता येईल.

किती मिळेल? ट्रिपचे पैसे व्याजासकट मागा, त्रासाची भरपाई आणि खर्चही मागा, पण आयोग किती देईल ते सांगता येत नाही, विमानाचं आणि हॉटेलचं भाडं मिळणं तर मला कठीणच वाटतं. कायदा म्हणतो साधारण तीन महिन्यांत निकाल. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात आणि सामान्य माणूस 27,000 साठी वर्षानुवर्षं हेलपाटे मारतो, याचा मला संताप येतो. तरीही दाखल कराच, ऑपरेटर यावरच टिकून असतात की लांबून आलेला माणूस परत भांडायला येणार नाही.

व्हाउचर, पैसे भरल्याची पावती आणि नऊ जणांची नावं आज रात्रीच एका फोल्डरमध्ये टाका. बुकिंग ज्याच्या नावावर आहे त्याची सही तक्रारीवर असलेली बरी, ते जर तुमचे दीर असतील तर त्यांना आत्ताच फोन करा.