सखीला विचारा : टेस्ट नंतर, आधी गोळ्या

प्रश्न : ताई, कागलजवळ ऊसतोडीच्या तळावर बीडकडनं आलेली २० वर्षांची पोरगी आहे, परवा रात्री ओळखीतल्याच एकानं जबरदस्ती केली. पोलीस नको म्हणते, मुकादमाला कळलं तर उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर येईल. एचआयव्हीची टेस्ट कधी करायची?

उत्तर : तुला फोनवर सांगितलंच, पण अंक हातात पडेस्तोवर ७२ तास कधीच उलटतात म्हणून बाकीच्यांसाठी लिहिते. टेस्टच्या आधी एचआयव्ही लागू नये म्हणून द्यायच्या गोळ्या, पेप म्हणतात त्यांना, ७२ तासांच्या आत चालू करायच्या, जितक्या लवकर तितकं बरं, आणि मग २८ दिवस रोज. रात्र असली तरी गाडीवर घालून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात न्या, कपडे धुऊ नका, तसेच कागदात गुंडाळून घ्या. तक्रार नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, तेही फुकट. दवाखाना पोलिसांना कळवतो खरा, पण तक्रार द्यायची का नाही हे तिनंच ठरवायचं, मुकादमानं नाही! गर्भ राहू नये म्हणून गोळी तिथंच मागा. टेस्ट त्याच दिवशी एक, ३ महिन्यांनी परत, आणि खरी गोची इथंच होते, तोवर टोळी गावाकडं गेलेली असते, तर केसपेपर तिच्याजवळच राहू दे, तिकडच्या सरकारी दवाखान्यातही फुकट होते. एचआयव्हीचं काही विचारायचं तर १०९७, बाकी मदतीला १८१.