वजनाचं ऑपरेशन कोणत्या वयात करावं?

तुमचा प्रश्न असा आहे की वय २६, उंची पाच फूट दोन इंच, वजन ९८, पीसीओडी (हॉर्मोन बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास) आहे, शुगर बॉर्डरला आलीय, डॉक्टर बॅरिअ‍ॅट्रिक, म्हणजे वजनाचं ऑपरेशन, करून घ्या म्हणतात, आई म्हणते आधी लग्न होऊ दे, एक लेकरू होऊ दे मग बघू, आणि काका म्हणतात चाळिशीच्या आत पोटाला हत्यार लावायचं नसतं. तर नेमकं कोणत्या वयात करावं.

ताई, काकांचा सल्ला मी मानला होता. म्हणजे माझ्या बाबतीत वडील होते, पण वाक्य जवळपास हेच.

२०१२ सालची गोष्ट, माझं वय ३३, वजन ११८, उंची पाच सात, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) ४० च्या वर. आमचा सोलापुरात सुताचा धंदा, दिवसभर गादीवर बसून फोन, चार वाजले की भजी, रात्री कुणाकडं ना कुणाकडं मटण. फॅमिली डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की अजून शुगर नाही तोवर ऑपरेशनचा विचार कर. वडील म्हणाले, धडधाकट माणसानं पोट फाडून घ्यायचं काय बे, चार दिवस भात बंद कर. केला भात बंद. संभाजी तलावाला रोज पहाटे चकरा पण मारल्या, ११ किलो उतरले, पुढच्या दीड वर्षात १५ चढले. २०१३ ला शुगर निघाली, २०१९ ला इन्सुलिन सुरू झालं.

घरातला काटा १३० पर्यंतच होता, त्याच्या वर नुसता एरर दाखवायचा. मग मी रविवारी हमाल नसताना गोडाऊनला जाऊन सुताची पोती मोजायच्या काट्यावर उभा राहायचो. एकदा शटर अर्धं उघडं राहिलं आणि मुकादम आत आला, त्यानं आकडा बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि "मालक, पोती नंतर लावतो" एवढंच म्हणून निघून गेला. १३८.४. त्या आठवड्यात सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला गेलो.

पुण्याच्या सर्जननी पहिलाच प्रश्न विचारला, किती वर्षं झाली? मी म्हटलं ४२. ते म्हणाले तुमचं वय कागदावर दिसतंय मला, शुगरचं वय विचारतोय. आठ वर्षं, त्यातली दोन इन्सुलिनवर. त्यांनी सी-पेप्टाइडची टेस्ट लावली, म्हणजे शरीर स्वतःचं इन्सुलिन अजून किती बनवतंय ते बघायला. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शुगर जुनी होईल तशा थकत जातात, ऑपरेशननं वजन उतरतं, आतड्यातले हॉर्मोन बदलतात, पण संपलेल्या पेशी काय उठून बसत नाहीत. नोव्हेंबर २०२१ ला माझं बायपास झालं, हृदयाचं नाही, पोटाचं, म्हणजे पोटाची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात ते, आता वजन ९१, इन्सुलिन सुटलं, पण एक गोळी राहिलीच. ती गोळी म्हणजे मी घालवलेली आठ वर्षं असं मी समजतो.

आता माझ्या साडूचं बघा, बार्शीला मास्तर आहेत, ऑपरेशनच्या वेळी वय ५१, माझ्यापेक्षा चांगले नऊ वर्षांनी मोठे. पण त्यांची शुगर फक्त दोन वर्षांची होती. त्यांचं स्लीव्ह झालं, म्हणजे पोटाचा साधारण तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भाग काढून नुसती नळी ठेवतात ते. उलट बायपास शुगरला जास्त चांगलं म्हणतात, तरी त्यांच्या सगळ्या गोळ्या बंद आणि माझी चालू. तेव्हा कोणत्या वयात याला माझं उत्तर हे आहे, जन्मतारीख बाजूला ठेवा, आजार किती वर्षांचा झालाय ते बघा. तुमची शुगर आत्ता दारात उभी आहे, आत येऊन बसलेली नाही.

आणि हे फक्त आमच्या घरातलं नाही. अमेरिकेत टीन-लॅब्स म्हणून एक अभ्यास झाला, त्यात बायपास झालेली १९ वर्षांपर्यंतची मुलं आणि ज्यांना लठ्ठपणा लहानपणापासूनच होता पण बायपास मोठेपणी झालं अशी माणसं, यांची तुलना केली. ज्यांना आधी शुगर होती त्यांच्यापैकी पाच वर्षांनी मुलांमध्ये ८६ टक्क्यांची शुगर नॉर्मलला होती, मोठ्यांमध्ये ५३ टक्क्यांची. बीपीचं पण तसंच, ६८ आणि ४१. पण त्याच अभ्यासात मुलांमध्ये लोह जास्त कमी पडलेलं दिसलं आणि पोटाची ऑपरेशनं पण पुन्हा जास्त करावी लागली. लवकर केलं की फायदा जास्त आणि गोळ्या खायची वर्षं पण जास्त, दोन्ही खरं आहे.

आता तुमच्या आकड्यांकडं. ९८ किलो आणि पाच दोन म्हणजे बीएमआय साडे एकोणचाळीसच्या आसपास. आपल्याकडचे सर्जन भारतीयांसाठी बहुतेक ३७.५ च्या वर असेल तर, किंवा ३२.५ च्या वर आणि सोबत शुगर बीपी असं काही असेल तर ऑपरेशन धरतात, कारण आपल्या लोकांना कमी वजनातच शुगर होते. म्हणजे डॉक्टर चुकीचं सांगत नाहीत. पण मेडिक्लेमचा नियम वेगळा आहे आणि इथंच तुम्ही अडकणार. पॉलिसीत वय १८ पूर्ण लागतं, बीएमआय ४० लागतो, किंवा ३५ च्या वर असेल तर सोबत हृदयाचा आजार, गंभीर स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा कंट्रोलमध्ये नसलेली टाइप टू शुगर यातलं काहीतरी. पीसीओडी त्या यादीत नाही. तुम्ही झोपेत घोरता का, सकाळी डोकं जड असतं का, दुपारी गाडीवर डुलकी येते का? असेल तर आधी स्लीप स्टडी करा, त्यात काय निघालं तर इलाज तर होईलच, क्लेमचा रस्ता पण मोकळा होईल. आणि कुणी सांगितलं की चार महिने दाबून खा आणि ४० ओलांड, तर ऐकू नका, असं सांगणारी माणसं आहेत. आधीच्या डाएटचे, जिमचे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचे सगळे कागद जपा. माझ्याकडं तलावाच्या चकरांचा कागद कुठून येणार, माझा क्लेम तीन महिने लटकला होता.

आईच्या मुद्द्यावर. त्यांची काळजी मला कळते, पण क्रम उलटा आहे असं मला वाटतं. ऑपरेशननंतर साधारण १२ ते १८ महिने मूल होऊ द्यायचं नसतं, कारण त्या काळात वजन झपाट्यानं उतरत असतं आणि शरीरात लोह, बी१२, प्रोटीन सगळ्याचीच ओढाताण असते. आत्ता केलं तर अठ्ठावीसला तुम्ही मोकळ्या. उलट मूल आधी म्हटलं तर या वजनात पीसीओडीमुळं राहायलाच वेळ लागू शकतो, राहिलं तर गरोदरपणात शुगर बीपीचा धोका, आणि मग लेकरू लहान आहे म्हणून ऑपरेशन पुढं, शाळेत जाऊ दे म्हणून पुढं. आमच्या वडिलांचे चार दिवस नऊ वर्षं चालले. एक मात्र लक्षात ठेवा, वजन उतरायला लागलं की बंद पडलेली पाळी बऱ्याच जणींची लवकर सुरू होते, मग लग्न झालेलं असेल तर अचानक राहायची शक्यता असते, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो, त्यामुळं गायनॅकशी आधीच बोला. ही गोष्ट मला माझ्या बायकोनं सांगून लिहायला लावलीय.

स्थळाला सांगावं का? सांगावं. पोटावर चार-पाच छोट्या खुणा राहतात, ताटात अर्धी भाकरी असते, लपणार आहे का ते.

नंतरचं जगणं कसं असतं ते पण ऐका, नाहीतर म्हणाल एकच बाजू सांगितली. पहिले दिवस मी खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं पाणी प्यायचो, एक झाकण, थांबा, परत एक झाकण. दोन आठवडे नुसतं पातळ, मग मिक्सरमधलं, मग मऊ. तिसऱ्या चौथ्या महिन्यात केस गळतात, मुठीमुठीनं, बायकांना याचा फार त्रास होतो, बहुतेकांचे परत येतात पण प्रोटीन खाल्लं तरच. कडक भाकरी मी वर्षभर लांब ठेवली, आता चावून चावून खातो, शेंगा चटणी चवीपुरती कारण तेल. जानेवारी २०२३ ला गड्ड्याच्या यात्रेत पोरांसोबत गेलो होतो, चौदा महिने झाले होते, म्हटलं आता काय होतंय, दोन गरम जिलेब्या खाल्ल्या. दहा मिनिटांत छाती धडधडायला लागली, अंगाला घाम, पोटात मुरडा, पाळण्यांच्या मागं एका उलट्या बादलीवर अर्धा तास बसून होतो आणि पोरगा पेपरनं वारा घालत होता. याला डम्पिंग म्हणतात, बायपासवाल्यांना गोड जास्त झालं की होतं. त्यानंतर जिलेबी बंद झाली, कुणी सांगायला लागलं नाही. स्लीव्हवाल्यांना हे कमी होतं पण त्यांना अ‍ॅसिडिटी वाढायची तक्रार असते, आमच्या साडूंना आहे.

बी१२, लोह, कॅल्शियम, डी, हे जन्मभर. रक्त तपासणी दरवर्षी. वयाचा विचार करायचाच असेल तर इथं करा, की या वयात तुम्ही कुणी मागं न लागता रोज गोळी घ्याल का. आमच्या गल्लीतल्या सोळा वर्षांच्या पोराच्या आईनं मला विचारलं होतं, तेव्हा मी म्हटलं डॉक्टर करतात या वयात पण, वाढ आणि मन सगळं तपासून, पण हा पोरगा दात घासायला दोनदा हाक मारायला लावतो, मग गोळ्यांचं काय. तुम्ही कमावता, स्वतः प्रश्न विचारताय, तुमचं वेगळं आहे. वरच्या बाजूला म्हणाल तर साठीनंतर पण होतं, वयाची भिंत अशी नाही, हृदय फुप्फुसं बघतात, पण त्या वयात चरबीसोबत स्नायू पण उतरतात आणि सुटलेली कातडी तशीच लोंबते. तरुण कातडी थोडीफार आवळते, माझी नाही आवळली, बनियनशिवाय मी घरात पण फिरत नाही.

इंजेक्शनचं पण कुणीतरी तुम्हाला सांगेलच. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही दोन्ही भारतात आली, वजन उतरतं त्यानं, पण बंद केली की बऱ्याच जणांचं परत चढतं. ऑपरेशन नकोच वाटत असेल तर डॉक्टरांना विचारून बघायला हरकत नाही, फक्त दर महिन्याचा खर्च मांडा आणि मग किती वर्षं जमेल ते बघा.

तंबाखू मिश्री काही असेल तर आजच सोडा, त्यावर सर्जन हात लावत नाहीत आणि बरोबर करतात. पुढच्या ओपीडीला आईला सोबत घेऊन जा, काका पण चालतील. मी वडिलांना कधी नेलंच नाही, घरी येऊन मीच डॉक्टरांचं बोलणं त्यांना सांगायचो आणि माझ्या तोंडून ते निम्मंच व्हायचं. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), थायरॉईड आणि स्लीप स्टडीचे रिपोर्ट आले की आकडे इथं टाका, पॉलिसीत बसतंय का ते मी माझे जुने कागद काढून बघून सांगतो.