निवडीपेक्षा टिकवणं अवघड
नव्यानं प्रशिक्षक झालायस, तर निवड चाचणीत सगळ्यात उंच, दणकट मुलावर लगेच भाळू नकोस. आधी जन्मतारीख बघ. कॅनडातल्या आइस हॉकीच्या अभ्यासात १९८५ सालीच दिसलं होतं, की वरच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेले खेळाडू जास्त असतात. एकाच वर्षी जन्मलेल्यांच्या वयोगटात ही मुलं आठ-दहा महिन्यांनी मोठी असतात; ती जास्तीची वाढ आपण गुणवत्ता समजतो आणि डिसेंबरात जन्मलेलं पोर घरी पाठवतो. फार वाईट वाटतं मला याचं.

मुलींची उंची साधारण बाराव्या, तर मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास झपाट्यानं वाढते. त्या काळात गुडघे, टाचा दुखतात, जमलेलं तंत्रही बिघडतं. तेव्हा सरावाचा भार कमी कर, पण खेळाडूला संघातून काढू नकोस. दर तीन महिन्यांनी उंची मोज, नोंद ठेव. मुलींची पाळी थांबली तर ते खाणं कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं; ताबडतोब डॉक्टरांकडे पाठव.

आणि शिक्षण! बरेच जण परीक्षेच्या वर्षात खेळ सोडतात. सरावाचं वेळापत्रक आखण्याआधी त्यांचं परीक्षेचं वेळापत्रक मागून घे.