काकी, ही पुस्तकं घेता का?

कोल्हापुरात बिंदू चौकातून मिरजकर तिकटीकडे जाताना एका बोळात माझं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे, दहा बाय अठरा फुटांचं. २००३ पासून मी ते चालवते. संपादकांनी जुन्या पुस्तकांबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते, त्यातले सहा इथे घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय. तोच प्रश्न महिन्यातून एकदा तरी कुणीतरी दुकानात उभं राहून विचारतं, आणि दर वेळी गिऱ्हाईक आलं की माझं बोलणं अर्ध्यावर राहतं.

प्रश्न : घराला लागून रस्त्याकडेचा एक गाळा आहे. माझी स्वतःची ७०० पुस्तकं आहेत आणि चार लाख रुपये बाजूला ठेवलेत. जुन्या पुस्तकांचं दुकान काढावं म्हणते. घरातले म्हणतात, आता कोण वाचतंय? तुम्ही सांगा, चालेल का?
– निवृत्त शिक्षिका, मंगळवार पेठ

बाई, गाळा घरचा आहे, म्हणजे निम्मा घोर मिटला. माझा गाळा भाड्याचा. भाडं १४ हजार, हाताखाली एक मुलगी आहे तिचा पगार ९ हजार, लाइट, फोन, रिक्षाभाडं, सुतळी धरून ३ हजार. झाले २६ हजार. एका पुस्तकामागे मला सरासरी ६० रुपये सुटतात. म्हणजे महिन्याला ४३४ पुस्तकं गेली की दुकान फक्त फिटतं, घरी न्यायचा पहिला रुपया त्यानंतर. २६ दिवस दुकान उघडं धरलं तर रोजची १७ पुस्तकं. आषाढातल्या पावसात सबंध दिवसात चार जातात, आणि जूनमध्ये शाळा-कॉलेजं उघडली की एका दिवसात ऐंशी. तुम्हाला भाडं नाही. पहिलं वर्ष मदतीलाही कुणी ठेवू नका. मग रोज दोन-तीन पुस्तकं गेली तरी दुकान आपला खर्च आपण काढेल.

पण विक्रीची काळजी आधी करू नका. हा धंदा खरेदीवर चालतो. नव्या पुस्तकांचा दुकानदार हवं ते प्रकाशकाकडून मागवतो. आपल्याला दारात येईल त्यातूनच निवडायचं असतं. माणूस पिशवी घेऊन पायरीवर उभा राहतो, "काकी, ही पुस्तकं घेता का?" म्हणतो, आणि पाच-दहा मिनिटांत आपल्याला ठरवावं लागतं.

मी पुस्तक हातात घेते तेव्हा आधी नाव बघत नाही. कणा तळहातावर टेकवते आणि पुस्तक आपसूक कुठं उघडतंय ते बघते. दोन-तीनदा एकाच जागी उघडलं तर तिथली शिवण ढिली झाली समजायचं. मग मधले पानांचे आकडे चाळते. बरीच मराठी पुस्तकं सोळा पानांच्या फर्म्यांनी, म्हणजे एकत्र शिवलेल्या जुड्यांनी, बांधलेली असतात. शिवण सुटली की एखादं पान गळत नाही, अख्खा फर्मा निखळतो, आणि वाचणाऱ्याला ते १६० नंतर एकदम १७७ आल्यावर कळतं. त्यानंतर पुठ्ठ्याच्या आतल्या कागदाची घडी बघते. कसर खळीवर येते, म्हणून तिची पहिली खूण तिथंच दिसते. सगळ्यात शेवटी पुस्तक नाकाशी नेते. बुरशीचा वास आला की पुस्तक कितीही चांगलं असो, दुकानातल्या मांडणीवर जात नाही, कारण आपल्या हवेत एक पुस्तक शेजारच्या दहांना बिघडवतं.

भावाचं म्हणाल तर छापील ३०० रुपयांची, चांगल्या अवस्थेतली कादंबरी मी ६० ते ७५ ला घेते आणि १५० ला देते. वाचून परत आणली तर ७५ रुपये पुढच्या पुस्तकात वळते करते. ही पद्धत एका सिस्टरांमुळे पडली. रात्रपाळीला जाताना त्या जाडजूड ऐतिहासिक कादंबरी न्यायच्या आणि पंधरा दिवसांनी परत आणायच्या. "घरात ठेवायला जागा नाही हो काकी, पण वाचल्याशिवाय रात्र सरत नाही," म्हणायच्या. आज माझ्या गिऱ्हाइकांतले चाळीसेक जण असे आहेत. कोण वाचतंय विचारणाऱ्या घरच्यांना एखाद्या रविवारी माझ्या दुकानात संध्याकाळी सहाला उभं करा.

परीक्षांच्या पुस्तकांबाबत मात्र माझा धडा घ्या. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये पहिलं बोर्डिंग सुरू केलं, तेव्हापासून दसरा चौकाच्या आसपास वसतिगृहात राहून शिकणारी खेड्यातली पोरं या शहरात आहेत. चंदगड, आजरा, गगनबावड्याहून आलेल्या पोराला नवा संच परवडत नाही, तो आपल्याकडेच येतो. म्हणून बंद होणाऱ्या एका क्लासकडून मी स्पर्धा परीक्षेच्या वस्तुनिष्ठ प्रश्नसंचांची तीन पोती ११ हजारांना उचलली. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक होणार हे आयोगानं आधीच जाहीर केलं होतं. मी वाचलंही होतं, पण मनावर घेतलं नाही. पोरं यायची, पान उलटायची आणि "नको काकी, आता लिहायचं असतंय" म्हणून ठेवून द्यायची. शेवटी ती पोती रद्दीत घातली, ९०० रुपये आले. पैशापेक्षा एक गोष्ट लागून राहिली. त्यातले काही संच मी आधीच दोन-तीन पोरांना विकले होते. त्यांना बोलावून पैसे परत केले. तेव्हा अभ्यासाचं पुस्तक घेण्याआधी चालू अभ्यासक्रम बघायचाच. शाळेचंही तेच. राज्यात पहिलीची पुस्तकं जून २०२५ पासून बदलली आणि पुढच्या इयत्ता टप्प्याटप्प्यानं बदलतायत.

कागदपत्रांना घाबरू नका. दोन-चार माणसं कामाला असतील तर दुकान कायद्याखाली नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे.

चार लाखांतले साठ-सत्तर हजार लोखंडी मांडण्यांना ठेवा. मांडणी भिंतीपासून चार बोटं पुढे आणि सगळ्यात खालची फळी जमिनीपासून फूटभर वर, नाहीतर श्रावण संपेपर्यंत खालची रांग सादळून जाते. दीड लाख वर्षभराच्या खरेदीला, तेही जसं येईल तसं. उरलेल्याला हात लावू नका. तुमच्या ७०० पुस्तकांचे घरी बसून दोन ढीग करा. ज्यांच्यात तुमच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत ती दुकानात आणू नका. मी आणली होती, आणि त्यातलं एक परत विकत घ्यायला गिऱ्हाइकाच्या घरी गेले होते.

प्रश्न : वडील गेले. त्यांची साधारण ६०० पुस्तकं आहेत. फ्लॅट महिनाअखेर रिकामा करायचा आहे. रद्दीवाला किलोला १४ रुपये म्हणतो. तुम्ही काय द्याल?
– एक वाचक, इचलकरंजी

दादा, आधी रद्दीवाल्याला थांबवा. सहाशेतली दीडशे-दोनशे मी घेईन, त्याचे सातआठ हजार होतील. बाकीची न घेण्याचं कारण प्रत्येक ढिगाला वेगळं असेल, ते समोर बसून सांगेन. त्यांत करवीर संस्थानच्या काळातली छापील पुस्तकं, जुने अहवाल, हस्तलिखित वह्या असं काही निघालं तर मला देऊ नका. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात दाखवा. माझ्याकडे ते एका माणसाच्या कपाटात जाईल, तिथं शंभर जणांच्या हाताला लागेल.

आणि घाई करू नका. का, ते सांगते. सहा वर्षांपूर्वी राजारामपुरीतल्या एका घरातून मी चार खोकी आणली. त्यात पाककृतींचं एक जुनं पुस्तक होतं, हळदीचे डाग पडलेलं, कव्हर गेलेलं. मी ते वीस रुपयांच्या टोपलीत टाकलं, रविवारी गेलं. बुधवारी त्या घरातली मुलगी आली. शेवटच्या कोऱ्या पानावर तिच्या आईनं कांदा-लसूण चटणीचं प्रमाण लिहून ठेवलं होतं. पाच किलो मिरचीला खोबरं किती, धणे किती, तीळ किती, आणि खाली "लसूण सोलून उन्हात एक दिवस" अशी ओळ. मुलीला ओळ आठवत होती, आकडे आठवत नव्हते. ते पान मी उलटून बघितलं असतं तर मला दिसलं असतं. टोपलीतलं पुस्तक कोण घेऊन गेलं ते मला सांगता येईना. दारावर पाटी लावली, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारलं. नाही मिळालं. ती अजून दर मार्चमध्ये मिरच्या घ्यायला लक्ष्मीपुरीत येते तेव्हा डोकावून जाते.

तेव्हापासून घरातून आणलेलं कुठलंही खोकं मी पंधरा दिवस माळ्यावर ठेवते, आणि प्रत्येक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत उलटते. तुम्हीही बहिणींना, आत्यांना बोलवा. एक रविवार सगळे मिळून पुस्तकं चाळा. त्यानंतर मला फोन करा, टेंपो माझा.

प्रश्न : महापुरात भिजलेली पुस्तकं वाळवली, पण वास जात नाही. काही उपाय?
– एक वाचक, शिरोळ तालुका

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडते, तेव्हा माझं दुकान उंचावर असल्यामुळे वाचतं. पण २०१९ आणि २०२१ ला ओसरल्यावर शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडून आलेली पुस्तकं मी आठवडेच्या आठवडे वाळवली आहेत.

वास म्हणजे आत बुरशी जिवंत आहे किंवा ओल उरली आहे. नाकातोंडाला फडकं बांधा, अंगणात बसून मऊ ब्रशनं पान न् पान झाडा. मग दहा-दहा पानांत कोरा, छपाई नसलेला कागद घालून पंख्याखाली उभी ठेवा आणि कागद रोज बदला. कडक उन्हात ठेवू नका, पुठ्ठा वाकतो. पूर्ण कोरडी झाली की झाकणाच्या डब्यात, खाली वाटीभर खाण्याचा सोडा किंवा लाकडी कोळसा आणि वर जाळीवर पुस्तक, असं आठ दिवस. माझ्याकडची निम्मी अशानं बरी झाली. गुळगुळीत, चकाकणाऱ्या कागदाची पुस्तकं ओली असताना पानं सुटी केली नसतील तर आता ती वीट झाली असतील. ओढू नका. पुढच्या वेळी मात्र चिखल वाळायच्या आत, बंद पुस्तक तसंच स्वच्छ पाण्यात धुऊन घ्या आणि मगच वाळवा.

प्रश्न : तुम्ही झेरॉक्स काढून बांधलेली पुस्तकं घेत नाही. आम्हा विद्यार्थ्यांना तीच परवडतात.
– एक विद्यार्थी, शिवाजी पेठ

बाळा, मूळ पुस्तक एकदा विकत घेतलं की ते पुढं विकायला कायद्याची आडकाठी नाही. परवानगी न घेता केलेली नक्कल विकणं हा कॉपीराइट कायद्यानं गुन्हा आहे, आणि लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं तो हक्क राहतो. पण पोलिसांच्या भीतीपेक्षा मला वेगळं वाटतं. कोल्हापुरात राहून लिहिणारे माझ्या दुकानात येऊन बसतात. त्यांच्या समोर ती प्रत मला विकता येणार नाही. तू ये, मूळ पुस्तकाची फाटकी प्रत शोधून देते. पैसे दोन हप्त्यांत दे.

प्रश्न : पुस्तकं पोस्टानं मागवली तर खर्च पुस्तकाइतकाच येतो. तुम्ही पाठवता का?
– एक वाचक, सावंतवाडी

पाठवते. १ मे २०२५ पासून पोस्टाची 'ज्ञान पोस्ट' सेवा आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, त्यावर कर वेगळा. रस्त्यानं जातं म्हणून थोडं हळू, पण पाकीट कुठवर पोचलं ते कळतं. एकेक मागवू नका, चार-पाच जमली की एकदम मागवा.

प्रश्न : मी सातवीत आहे. माझ्याकडे वाचून झालेली अकरा गोष्टींची पुस्तकं आहेत. ती दिली तर दुसरी मिळतील का? माझ्याकडे पैसे नाहीत.
– एक मुलगी, उत्तरेश्वर पेठ

मिळतील. अकराची अकरा घेऊन ये. तुझं नाव ज्यांच्यावर लिहिलंयस ती असली तरी चालतील, खोडू नकोस. मांडणीतली सगळ्यात खालची फळी तुझ्याएवढ्या मुलांचीच आहे, तिथं बसून तुला हवी ती अकरा निवड. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ये. मी एकपर्यंत असतेच, आणि येताना आईला सांगून ये.