वाचक विचारतात : पत्रा नाही, वासाच उचलला

प्रश्न : नाशिकजवळ मखमलाबादला मळ्यात जुनं विटांचं घर आहे. कौलं उतरवून पत्रे टाकले. मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्यात पागोळीकडचे दोन वासे त्यांच्यावरच्या आडव्या रिपांसकट वर आले. पत्र्याचा एकही स्क्रू निघाला नाही. मिस्त्री म्हणतात, वर दगड ठेवा. ठेवू का?

उत्तर : नको. दगड पंधरा-वीस किलोचा. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक ८७५, भाग ३ मध्ये नाशिकला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला ९० किलोच्या आसपास जातो आणि छताला वर ओढतो. तेवढ्याच जागेवर कौलांचं वजन ४०-४५ किलो होतं, शिवाय त्यांच्या फटींतून हवा निसटायची. पत्रा जेमतेम ५ किलोचा आणि हवाबंद. जुने खिळे वासा खाली टेकवण्यापुरते होते, धरून ठेवायचं काम वजन करत होतं.

आता पत्र्यापासून बोट फिरवत खाली या : पत्रा, रीप, वासा, भिंतीवरची तुळई, भिंत, जोतं. तुमच्याकडे ही साखळी वासा आणि तुळईच्या जोडावर तुटली. तिथे ३० × ३ मिमीची गॅल्व्हनाइज्ड पट्टी वाशाच्या पाठीवरून उलट्या यूसारखी घाला, दोन्ही पाय तुळईच्या कडांवर उतरवून स्क्रूंनी आवळा. खिळे नकोत, ओढीच्या दिशेनेच ठोकलेला खिळा सरळ निसटतो. सागाला आधी भोक पाडा, नाहीतर चिरतो. वासे दोन-दोन फुटांवर आणि आधारांत ३ मीटर अंतर असेल, तर पागोळीसकट एकेका जोडावर शंभरेक किलोची ओढ येते. पट्टी एकाआड एक नको, प्रत्येक वाशाला हवी. रीप-वासा जोडही स्क्रूने पक्के करा, आढ्यावर समोरासमोरचे वासे पट्टीने बांधा.

खरी चूक त्याच्याही खाली होते. तुळई भिंतीत वीतभर गजाने अडकवली, की वरचे दोन-तीन थर घेऊन सगळंच उडतं. दर १.२ मीटरवर १२ मिमीचा आटे पाडलेला गज किमान मीटरभर खाली न्या. खाली १०० मिमी चौरस लोखंडी प्लेट विटांच्या थराखाली बसवा, वर रुंद वायसर आणि नट. एका गजावर दोन वाशांची, म्हणजे दोनशेक किलोची ओढ येते; नऊ इंची भिंतीचा तेवढा तुकडा ५०० किलोचा भरतो. गज फूटभरच असेल तर दीडशेचा. भिंत मातीच्या जोडाची असेल, तर विटा एकमेकींना धरत नाहीत; गज जोत्यापर्यंत न्यावाच लागेल.