क्रीडा फिजिओथेरपीला स्वतंत्र शाखा का मानावे?

आपण फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि विचारता की, गुडघा खेळाडूचा असो वा कार्यालयात बसून काम करणाऱ्याचा, व्यायाम तेच असतील तर क्रीडा फिजिओथेरपीला स्वतंत्र शाखा का म्हणायचे? प्रश्न रास्त आहे. माझ्या मते ही शाखा वेगळ्या व्यायामांमुळे उभी राहिलेली नाही. खेळाडूने मैदानावर पुन्हा केव्हा उतरावे, या निर्णयाचा भार तिने उचलला, आणि तिचे वेगळेपण तिथेच आहे.

अमेरिकेत फिजिओथेरपीचा पाया पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या पुनर्वसनात घातला गेला आणि 1921 मध्ये तिथल्या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. मैदानावरची जागा मात्र बराच काळ ॲथलेटिक ट्रेनरांची, म्हणजे संघासोबत राहून खेळाडूंच्या दुखापती सांभाळणाऱ्यांची होती. फिजिओथेरपिस्ट खेळाडूला भेटे तो रुग्णालयात, दुखापतीनंतर. 1973 मध्ये त्या राष्ट्रीय संघटनेत क्रीडा विभाग सुरू झाला आणि 1979 मध्ये अस्थिरोग व क्रीडा फिजिओथेरपीचे नियतकालिक निघू लागले. मला नियतकालिकाचे महत्त्व अधिक वाटते, कारण एकेकाच्या हाताखाली शिकून मिळणारे ज्ञान आता छापले जाऊ लागले आणि इतरांना ते तपासता व खोडता येऊ लागले. 1987 पासून तिथे क्रीडा तज्ज्ञ म्हणून प्रमाणपत्र मिळू लागले. आज त्या परीक्षेला बसण्यासाठी क्रीडा क्षेत्रातील रुग्णसेवेचे 2,000 तास किंवा मान्यताप्राप्त रेसिडेन्सी (पदवीनंतरचे देखरेखीखालील प्रशिक्षण) लागते, शिवाय आपत्कालीन उपचारांचे प्रशिक्षणही. ही शेवटची अट मला फार बोलकी वाटते. मैदानावर कोसळलेल्या खेळाडूपाशी सर्वांत आधी पोहोचणारी व्यक्ती कदाचित आपणच असू, हे त्या अटीत गृहीत धरलेले आहे. 2000 साली क्रीडा फिजिओथेरपीचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. त्याने ठरवलेल्या क्षमतांमध्ये दुखापत टाळण्यापासून उत्तेजक द्रव्यांच्या विरोधापर्यंतच्या गोष्टी येतात.

परंतु संस्था स्थापन झाल्याने शाखा परिपक्व होत नाही. ती कशी परिपक्व झाली हे पाहायचे असेल, तर गुडघ्यातील एसीएल या लिगामेंटच्या (हाडांना जोडून सांधा स्थिर ठेवणाऱ्या पट्ट्याच्या) शस्त्रक्रियेनंतरचे पुनर्वसन पाहावे. एकेकाळी पाय कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये ठेवत, आणि गुडघा आखडून मांडीचा स्नायू वाळून जाई. सर्जन डोनाल्ड शेलबोर्न यांच्या लक्षात आले की, सूचना न पाळता लवकर हालचाल करणारे रुग्णच अधिक चांगले बरे होत आहेत. त्यांनी आणि पॉल नित्झ यांनी 1990 मध्ये वेगवान पुनर्वसनाची पद्धत मांडली आणि गुडघा पूर्ण सरळ करणे व पायावर भार देणे लवकर सुरू झाले. पुढे लंबक दुसऱ्या टोकाला गेला, आणि हालचाल लवकर सुरू करणे म्हणजे खेळायलाही लवकर लागणे, असा समज पसरला. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रिंडेम व सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसले की, शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवले, तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण 51 टक्क्यांनी घटले.

सुरुवातीच्या काळात मीही एका फुटबॉलपटूला सहा महिने झाले आणि सूज नाही, एवढ्यावर परवानगी दिली होती. काही आठवड्यांत तोच गुडघा पुन्हा गेला. तो निर्णय माझा होता आणि त्याचे दुःख आजही आहे.

तेव्हापासून मी एका पायावरची उडी फार बारकाईने पाहते. खेळाडू रेषेवर उभा राहतो, पुढे झेपावतो आणि त्याच पायावर उतरून तोल सांभाळतो. आपण टेपने अंतर मोजतो. शस्त्रक्रिया झालेल्या पायाने दुसऱ्याच्या 90 टक्के अंतर गाठले की कागदावर तो उत्तीर्ण होतो. पण इतके महिने खेळ बंद असल्याने दुसरा पायही कमजोर झालेला असतो, त्यामुळे ती टक्केवारी फसवी ठरू शकते. शिवाय अंतर पुरे भरले तरी उतरताना धड पुढे झुकते, गुडघा कमी वाकतो आणि भार नितंबाकडे ढकलला जातो, हे टेप सांगत नाही. म्हणून मांडीच्या स्नायूची ताकद यंत्रावर वेगळी मोजावी, उतरण्याचे चित्रीकरण बाजूने आणि समोरून करावे, आणि खेळाडूला त्या पायाची भीती वाटते का, हे प्रशिक्षक जवळ नसताना विचारावे. प्रशिक्षकासमोर बहुतेक खेळाडू नाहीच म्हणतात.

आपण या शाखेत येणार असाल, तर सामन्यांपेक्षा सरावाच्या वेळी मैदानावर अधिक थांबा. दमल्यानंतर शेवटच्या अर्ध्या तासात खेळाडू दिशा कशी बदलतो आणि कोणत्या पायावर वळायचे टाळतो, हे उपचारकक्षात दिसत नाही, आणि परवानगी देताना नेमके तेच माहीत असावे लागते.