चढाचं सोडा, बैठक सांभाळा

गेल्या अंकात ‘ग्रेट ॲलेगेनी पॅसेज’ या अमेरिकेतल्या, मोटारींना बंदी असलेल्या सायकलवाटेबद्दल मी जेमतेम दहा ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेल्या पत्रांतली तीन इथे घेतली आहेत.

प्रश्न : वय ६१, बँकेतून निवृत्त. आठवड्यातून दोनदा बापदेव घाट चढतो. सप्टेंबरात आम्ही दोघं मुलीकडे पिट्सबर्गला येतोय. ही वाट पाच दिवसांत होईल का? सौ. रोज तासभर सायकल चालवते, पण सपाटीवर. घाट म्हटलं की ती हात जोडते. शिवाय शुद्ध शाकाहारी. – कोंढवा, पुणे

उत्तर : होईल, आणि माझा अंदाज असा की ताई तुमच्यापेक्षा सुखानं पार पडतील.

मेरिलँडमधलं कंबरलंड ते पेनसिल्व्हेनियातलं पिट्सबर्ग हे या वाटेचं अंतर १५० मैल, म्हणजे साधारण २४० किलोमीटर. वाट बहुतेक जुन्या लोहमार्गांवरून जाते. कंबरलंड ते कॉनेल्सविल हा तुकडा वेस्टर्न मेरिलँड रेल्वेचा. तो १९१२ साली सुरू झाला आणि १९७५ साली बंद पडला. रूळ काढले आणि त्या जागी चुनखडीची बारीक कच दाबून बसवली. वाटेचा पहिला तुकडा १९८६ साली ओहायोपाइलला खुला झाला, शेवटचा २०१३ साली. आगगाडीला खडा चढ झेपत नाही, त्यामुळे डोंगर आडवा आला की रेल्वेवाल्यांनी बोगदा खणला, दरी आली की पूल टाकला. त्यांच्या त्या खर्चावर आज आपण आरामात पेडल मारतो. बापदेवसारखं काही इथे शोधू नका.

मात्र पिट्सबर्गहून निघू नका. पिट्सबर्गला या. भल्या पहाटे वॉशिंग्टनकडे जाणारी ॲमट्रॅकची (इथली प्रवासी रेल्वे) गाडी पकडा, सायकलीची जागा आधी राखून ठेवा आणि कंबरलंडला उतरा. तिथून पहिले ३८ किलोमीटर चढण आहे, एकूण उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास. एवढं झालं की पुढे मुलीच्या गावापर्यंत दोनशे किलोमीटर जवळजवळ उतारच. उतार इतका मंद की डोळ्यांना कळत नाही, पायांना कळतो.

मुक्काम मी असे करीन : फ्रॉस्टबर्ग, रॉकवुड, ओहायोपाइल, वेस्ट न्यूटन आणि पाचव्या दिवशी घर. पहिला दिवस जेमतेम २५ किलोमीटरचा आहे, पण सगळा चढाचा, शिवाय पहाटेची गाडी पकडून झालेली झोपमोड असतेच. वाटेवरून फ्रॉस्टबर्ग गावात नेणारा छोटा तुकडा मात्र खरोखर खडा. तिथे मुकाट्यानं उतरून सायकल ढकला, तुम्हीसुद्धा. चौथा दिवस सर्वांत लांब, ६७ किलोमीटर. तोवर तुम्ही दोघं तयार झालेले असाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेसन-डिक्सन रेषा, म्हणजे मेरिलँडची हद्द, ओलांडून तुम्ही पेनसिल्व्हेनियात शिराल. मग बिग सॅव्हेज बोगदा, लांबी ३,२९४ फूट, म्हणजे किलोमीटरभर. आत दिवे आहेत, तरी सायकलीचा दिवा लावा आणि जाकीट हाताशी ठेवा, कारण ऐन उन्हाळ्यातही आत गारठा असतो. हिवाळ्यात, साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, तो बंद असतो. एका मार्चात ऊन बघून मला राहवलं नाही. फ्रॉस्टबर्गहून धापा टाकत वर पोचले तर दोन्ही दारं बंद, फटींतून थंड हवेचा झोत आणि दाराच्या खाली बर्फाची जाड जीभ बाहेर आलेली. दाराला टेकून डब्यातली चटणी-पोळी खाल्ली आणि आल्या वाटेनं परत गेले. चौकशी न करता निघाले, चूक सर्वस्वी माझी.

बोगद्यानंतर थोडं पुढे २,३९२ फुटांवर जलविभाजक लागतो. तिथल्या पुलाखाली सगळ्या वाटेचा चढ-उतार भिंतीवर काढलेला आहे. जलविभाजकाच्या अलीकडे पडलेला पाऊस चेसापीकच्या खाडीत जातो आणि पलीकडे पडलेला मेक्सिकोच्या आखातात. महाबळेश्वरच्या माथ्यावर सावित्री एकीकडे आणि कृष्णा दुसरीकडे जाते, तोच प्रकार.

आता खरं दुखणं. घाटात माणूस उठतो, बसतो, उतारावर पाय सोडतो. इथे तसं होत नाही. तासन् तास एकाच बैठकीत पाय फिरत राहतात आणि बूड बोंबलतं. पहिल्या खेपेला चौथ्या रात्री वेस्ट न्यूटनमध्ये मी उभ्यानं जेवले. वाढणाऱ्या मुलीनं तीनदा खुर्ची पुढे केली, शेवटी तिला खरं काय ते सांगावं लागलं. म्हणून आतापासून सलग तीन तास सपाट रस्त्यावर बसायची सवय करा. गादीची चड्डी घ्या. दर वीस मिनिटांनी पेडलवर अर्धा मिनिट उभे राहा, गरज वाटो न वाटो. घाट चढणाऱ्यांना हे पटत नाही, म्हणून तर म्हटलं की ताई सुखात राहतील.

सायकल भारतातून आणू नका, भाड्यानं मिळते. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचा हवा आणि मडगार्ड असलेली मागा. पाऊस झाला की ही कच राखाडी लापशी होते, चेनमध्ये शिरते आणि कानस मारावी तशी दात खाते. रात्री बाटलीभर पाणी ओतून चेन धुवा, पुसा, दोन थेंब तेल सोडा.

जेवणाचं म्हणाल तर या छोट्या गावांत संध्याकाळी स्वयंपाकघरं लवकर बंद होतात, सोमवार-मंगळवारी काही उघडतच नाहीत. चीज पिझ्झा आणि बटाट्याचे काप हमखास मिळतात, पण पाच दिवस तेच कोण खाणार? मुलीकडे दशम्या करून घ्या. दुधात भिजवलेल्या दशम्या तीन दिवस सहज राहतात. सोबत तिळाची चटणी.

एक ठिकाण चुकवू नका. रॉकवुड सोडल्यावर कॅसलमन नदी सोबतीला असते, आणि बासष्टाव्या मैलावर कॉन्फ्लुअन्स नावाचं गाव लागतं. नावाचा अर्थच संगम. कॅसलमन, लॉरेल हिल क्रीक आणि यॉकिगेनी (इथले लोक नुसतं ‘यॉक’ म्हणतात) अशा तिघी इथे भेटतात. मी कराडची. आमच्याकडे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात, त्यामुळे बाकी सगळे संगम मला जरा मिळमिळीत वाटतात. तरी इथे बाकावर बसून पाण्याचे दोन रंग काही अंतर शेजारी-शेजारी चाललेले पाहिले, तेव्हा ओंजळभर पाणी घ्यावं असं वाटलंच. नदीपलीकडच्या रुळांवरून मालगाडी गेली. डबे मोजायला लागले आणि नव्वदच्या पुढे सोडून दिले.

प्रश्न : ११ आणि १४ वर्षांच्या मुलांना घेऊन कंबरलंडहून पुढे वॉशिंग्टनपर्यंतची कालव्याची वाट करावी म्हणतो. जोडूनच आहे ना? – व्हर्जिनिया

उत्तर : आहे जोडून, पण स्वभाव निराळा. चेसापीक-ओहायो कालव्याच्या काठची ही १८४.५ मैलांची वाट खेचरांची. खेचरं काठावरून चालत आणि दोरानं कोळशाच्या होड्या ओढत. कालव्याचं काम १८२८ साली सुरू झालं आणि तो कंबरलंडला पोचला १८५० साली. रेल्वे तिथे आठ वर्षं आधीच पोचली होती, त्यामुळे ओहायो नदीपर्यंत जायचा बेत नावापुरताच राहिला. १९२४ च्या पुरानंतर वाहतूक कायमची थांबली. पुढे तिथे मोटाररस्ता करायचं घाटत होतं. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी विरोध केला आणि १९५४ साली सगळी वाट पायी चालून दाखवली. १९७१ साली ते राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. न्यायमूर्तीनं चपला झिजवल्या म्हणून आज आपल्याला मोटारीचा भोंगा ऐकू येत नाही.

पावसानंतर मात्र इथे चिखल. काही भाग नव्यानं बांधलेत, बाकी ठिकाणी मुळं आणि डबकी. मुलांना ते आवडेल, तुमच्या कमरेला नाही. रोज ४० किलोमीटरपेक्षा जास्त धरू नका. वाटेवर तंबू ठोकायला मोफत जागा आहेत, हातपंपासकट. पंपाचं पाणी चालू आहे का हे मात्र आधी विचारा. पॉ पॉ बोगदा ३,११८ फुटांचा आहे आणि आत दिवा नाही. वाट अरुंद, एका बाजूला कठडा आणि खाली पाणी. तिथे उतरून चालत जा. प्रत्येकाकडे स्वतःची बॅटरी हवी, नाहीतर मधोमध भांडण होतं. मुलांना दगडी लॉक (होड्या वर-खाली नेणारे पाण्याचे कप्पे) मोजायला लावा, एकूण ७४ आहेत.

रोज संध्याकाळी मुलांचे गुडघ्यामागचे भाग, काखा, कानामागची जागा बोटांनी चाचपा. गोचीड तिळाएवढी बारीक असते आणि लाइम रोग तिच्यामुळेच होतो. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडेपेटी, आजीचे उपाय नकोत.

प्रश्न : नवऱ्याला सायकलीचा तिटकारा. एकटीनं गेले तर वेड्यात काढतील? – न्यू जर्सी

उत्तर : काढू देत. मी दोनदा एकटी गेले आहे. दिवसा वाटेवर माणसं असतात, बहुतेक निवृत्त जोडपी, आणि ती थांबून चौकशी करतात, कधी कधी नको इतकी. जंगलाच्या मोठ्या पट्ट्यांत फोन लागत नाही, म्हणून रात्री जिथे उतरणार तिथे ‘किती वाजेपर्यंत पोचेन’ हे सकाळीच कळवून ठेवा. पंक्चर काढायला घरी तीनदा शिका, घड्याळ लावून. अंधार पडायच्या तासभर आधी चाक थांबलं पाहिजे, हा नियम मी कधी मोडलेला नाही.

नवऱ्यालाही कामाला लावता येईल. वास्तुकार फ्रँक लॉइड राइटनं धबधब्यावर बांधलेलं फॉलिंगवॉटर हे घर ओहायोपाइलपासून फार लांब नाही, पण तिकडचा रस्ता चढाचा आणि मोटारींचा, सायकलीनं जाण्यासारखा नाही. तिसऱ्या दिवशी त्याला मोटार घेऊन ओहायोपाइलला बोलवा. तिकिटं आधी काढायला सांगा, आणि येताना कोरडे मोजे आणायला.